पहिले पुराण कोणाचे?

मेहकर आणि लोणार ही आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील गावे लीळाचरित्रात येतात. इथल्या लीळा आम्हांला सुट्या आठवणी म्हणूनच ठाऊक असतात. त्यांचे सलग चरित्र झाले ते म्हाइंभटांनी त्या शोधून, पारखून क्रमाने लावल्या म्हणून.

बायबलाविषयी बोलताना मात्र क्रम लावणारा हात आपण विसरतो. ‘बायबल’ या शब्दाचे ग्रीक मूळच अनेकवचनी आहे : पुस्तके. प्रोटेस्टंटांची 66, कॅथलिकांची 73. या पुस्तकांची एकच कथा मराठीत गुंफली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले. त्यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोलला छापले गेले : सुमारे 11 हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन! पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम, जलप्रलय, मोशे, दावीद, दुसऱ्यात येशू. पहिले पुराण आरंभापासूनच दुसऱ्याची वाट पाहत असते.

साष्टीतील देवळे तोवर पाडली गेली होती, जुन्या पोथ्या लोकांच्या हातून काढून घेतल्या होत्या. पोथीला मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना स्टीफन्सनी पुन्हा पोथी दिली, तीही ओवीत. वाङ्मय म्हणून मला हा ग्रंथ थोर वाटतो. पण ‘बायबलाची कथा हीच’ असे कोणी म्हटले, की माझा आक्षेप आहे.

ख्रिस्ती क्रमात जुना करार मलाखी संदेष्ट्यापाशी, एलियाच्या आगमनाच्या आश्वासनावर थांबतो. पान उलटले की येशूची वंशावळ. छापील हिब्रू बायबल इतिहासग्रंथाने संपते. तिथे शेवटी इराणचा राजा कोरेश बंदिवासातील यहुद्यांना यरुशलेमला परतण्याची मुभा देतो. पुस्तके बव्हंशी तीच, पण एका कथेचा शेवट तारणाऱ्याच्या प्रतीक्षेत, दुसरीचा घरी परतण्यात.

हा भेद समजून घ्यायला दूर जावे लागत नाही. कोकणातील बेने इस्राएल मराठीच बोलत आले. 1880 नंतर त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनांत रचली. साकी, दिंडी, आर्या, सारा थाट आपला. एलियाहू हनाबी तर त्यांच्या मलिद्याच्या विधीत आजही आळवला जातो. या कीर्तनांतील अब्राहाम कोणत्याही दुसऱ्या पुराणाची प्रस्तावना नाही. स्टीफन्स ज्याला पहिले पुराण म्हणतात, ते या कीर्तनकारांचे संपूर्ण शास्त्र होते. आपण मराठीत सर्रास ‘जुना करार’ म्हणतो, तेव्हा बेने इस्राएलांना न विचारताच त्यांच्या ग्रंथाला जुना ठरवत असतो.