भिवंडीत जिओकॅशिंग सुरू करायचंय? मग परदेशी व्हिडिओतला पहिलाच सल्ला विसरा

रील्स बघता बघता कधीतरी समोर येतं. एक गोरा माणूस मोबाईल बघत जंगलात शिरतो, एका झाडाच्या बुंध्याशी वाकतो, पोकळीत हात घालून छोटा डबा काढतो. आत एक चिठोरी असते. तिच्यावर नाव लिहून तो डबा होता तिथे ठेवतो आणि निघून जातो. खाली कमेंट पडते, "हे आपल्याकडे आहे का?"

या खेळाचं नाव जिओकॅशिंग आणि उत्तर आहे, हो, आपल्याकडेही खेळता येतो. फुकट अकाउंट काढलं की भिवंडीत बसून सुरुवात होऊ शकते. पण शोधायचं कसं हा इथला अवघड भाग नाही. तुम्ही काय करताय हे आजूबाजूच्यांना कसं दिसतं, तिथे खरी अडचण आहे.

आधी खेळ समजून घेऊ.

अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मुळात लष्कराची. सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून दिला जायचा, त्यामुळे जागा १०० मीटर इकडे-तिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी क्लिंटन सरकारने हा बिघाड बंद केला आणि एका रात्रीत जगभरातली जीपीएस यंत्रं कित्येक पट अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली जंगलात लपवली. तिच्यात पुस्तकं, थोडे पैसे, गलोल असं काय काय ठेवलं आणि जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. नियम सोपा होता, काही घ्या तर काही ठेवा. माईक टीग याने ती बादली सगळ्यात आधी शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं. आज जगभरात असे ३० लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. भारतात ते अगदीच विरळ आहेत, त्यामुळे नकाशा उघडल्यावर घराशेजारी एकही ठिपका दिसला नाही तर निराश होऊ नका. नकाशा थोडा मोठा करा, मुंबई, ठाणे, नाशिककडे बघा.

आता भिवंडीकराला अक्षांश-रेखांश शिकवायची गरज आहे का? तर नाही. मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, या पट्ट्यात रोज बाहेरगावचे ट्रक येतात आणि ड्रायव्हरचं पहिलं वाक्य असतं, "लोकेशन टाका." कंपाऊंडचं नाव, बिल्डिंगचं अक्षर, गाळा नंबर एवढं सगळं पत्त्यात असूनही गाडी शेवटी पिनवरच पोचते. आणि पिन कधीकधी हायवेच्या पलीकडे पडते, मग पुढचा यू-टर्न कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. हा अनुभव ज्याला आहे त्याला जिओकॅशिंगचा अर्धा धडा आधीच आलाय. यंत्र जवळ नेतं, दारात नेत नाही.

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी आणलेला डिजिपिनही याच कल्पनेवर उभा आहे. देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिलाय. उघड्या आभाळाखाली चांगल्या फोनची चूक पाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे डिजिपिनच्या एका चौकोनापेक्षा जरा जास्तच. लूमच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दोन उंच भिंतींमधल्या बोळात ती आणखी वाढते, कारण सिग्नल पत्र्यावर, भिंतीवर आपटून उशिरा पोचतो. म्हणून जुने खेळाडू सांगतात, दहा मीटरवर आलात की फोन खिशात टाका आणि डोळ्यांनी शोधा. त्यानंतर बाण गोल गोल फिरवत बसेल.

नवख्यांची एक चूक मात्र हमखास होते. या खेळात जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, गूगल मॅप्समध्ये आपण बहुतेक वेळा दशांश अंश बघतो. भिवंडीचा अक्षांश १९.२९६७ अंश, रेखांश ७३.०६३१ अंश. खेळाच्या पद्धतीत तो होतो १९ अंश १७.८०२ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ३.७८६ मिनिटं पूर्व. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून दशांशानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं. हे न करता कोणी थेट १९.१७८०२ आणि ७३.०३७८६ असं टाकलं, तर भिवंडीचा डबा शोधायला तो १३ किलोमीटर लांब, दिव्याच्या आसपास पोचेल.

पहिल्या खेपेला कुठला डबा निवडायचा? प्रत्येक डब्याला दोन गुण असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५ मध्ये. पहिले चार-पाच डबे दोन्हीकडे दीडच्या आतले घ्या. आकार 'मायक्रो' असेल तर सोडून द्या, तो जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीएवढा असतो आणि नवख्याचा दिवस खातो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीच्या खेळाडूंच्या नोंदी वाचा. शेवटच्या तिघांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर तो डबा बहुधा भंगारात गेलाय. वेबसाइटचं अधिकृत ॲप फुकट आहे, पण काही डबे पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतं. अँड्रॉइडवर सी-जिओ नावाचं फुकट ॲपही अनेक जण वापरतात. सोबत पेन न्या. हसू नका, डबा सापडतो आणि सही करायला पेन नसतं, असं जगभर होतं. काठीही न्या. दगडाखाली किंवा ढोलीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, आपल्या भागात फुरसं, घोणस, मण्यार सगळं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. परदेशी व्हिडिओ आणि ब्लॉग नवख्याला जो पहिला सल्ला देतात, तो म्हणजे गुपचूप शोधा. खेळ माहीत नसलेल्या माणसाला तिकडे 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. मगल जवळ आला की बुटाची नाडी बांधायचं नाटक करा, फोनवर बोलतोय असं दाखवा, तो गेला की डबा काढा. हेतू चांगला असतो. कोणी बघितलं तर डबा पळवेल, ही भीती.

हा सल्ला भिवंडीत पाळणं धोक्याचं आहे. कारणं तीन आहेत आणि तिन्ही आपल्या इतिहासातून आली आहेत.

पहिलं कारण बेवारस वस्तू. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. त्या आधी आणि नंतरही या महानगराने बरंच काही पाहिलंय. अनोळखी वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना ऐकत इथली एक अख्खी पिढी मोठी झाली. आता तीच पिढी एखाद्याला पुलाखाली डबा ठेवताना, इकडे-तिकडे बघताना, मग पटकन निघताना पाहते. तिने काय समजायचं? इंग्लंडमध्येसुद्धा हे घडलंय. जुलै २०११ मध्ये यॉर्कशायरमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कोणीतरी संशयास्पद रीतीने डबा ठेवतोय असं लोकांना दिसलं. रस्ता बंद झाला, लष्कराचं बॉम्बपथक आलं, डबा उडवून दिला. आत फक्त या खेळाचं सामान होतं. भिवंडी तालुक्यातला पडघा परिसर तर डिसेंबर २०२३ मधल्या एनआयएच्या छाप्यांपासून सतत बातम्यांत आहे. तिथे सापडलेल्या डब्याचा अर्थ कोणी खेळ असा लावणार नाही. आणि स्पष्ट बोलायचं तर संशय सगळ्यांवर सारखा येत नाही. आडनाव काय, दाढी आहे का, यावर पुढचे दोन तास कसे जातील हे ठरू शकतं. एकाच खेळासाठी कोणाला जास्त जपावं लागावं हे चुकीचंच, पण मित्रांच्या घोळक्यात खेळायला जाताना हे लक्षात असलेलं बरं.

दुसरं कारण गुप्तधन. किल्ल्यावर, पडक्या देवळात दगड हलवणारा माणूस दिसला की गावकऱ्याच्या डोक्यात आधी हाच शब्द येतो, आणि तो उगाच येत नाही. गुप्तधनाच्या नादात अघोरी प्रकार होत आले, म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला. त्यामुळे गुमतारा किल्ल्यावर किंवा लोणाडच्या लेण्यांपाशी भेगा चाचपत फिरू नका. लोणाडला तर आजही देवीची पूजा होते. खेळाचा स्वतःचा नियमही हेच सांगतो, खणायचं नाही, पुरायचं नाही, बांधकामाला धक्का लावायचा नाही. एखादा डबा खणल्याशिवाय मिळत नाहीये असं वाटलं तर तुम्ही चुकीच्या जागी आहात.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केलं. व्हॉट्सॲपवरच्या अफवा हे त्यामागचं कारण होतं. एप्रिल २०२० मध्ये पालघरमधल्या गडचिंचल्यातही अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव गेला. अनोळखी माणूस, हातात फोन, पाड्याच्या कडेला घुटमळतोय, खिशात लहान मुलांची खेळणी. जिओकॅशिंगमध्ये डब्यात ठेवायला खेळणीच नेतात, म्हणून हे सांगणं भाग आहे. ती मुलांना वाटू नका आणि अंधार पडल्यावर शोधायला जाऊ नका.

मग करायचं काय? उलट करा. लपू नका, सांगा. गावात शिरताना टपरीवर चहा घ्या, फोनवर ॲप उघडून दाखवा, "हा शोधायचा खेळ आहे, तिकडे माळावर चाललोय" एवढं बोला. पाडा असेल तर पोलीस पाटलांना नाहीतर सरपंचांना विचारून पुढे जा. चहावाला सोबत शोधायला आला तर येऊ द्या, स्थानिक माणसाच्या नजरेला 'इथला दगड हलवलाय' हे आपल्याआधी कळतं. डबा पळवला जाईल ही भीती खरी आहे, पण गेलेला डबा पुन्हा ठेवता येतो. पोलिसांनी हटकलं तर नोंदींचं पान दाखवा आणि शांतपणे समजावा. सापडलेला डबा संशयास्पद वाटला, वायर दिसली, लेबल नसलं, तर हात न लावता ११२ ला फोन करा. खेळाडू असलात तरी.

फोन पुरेसा आहे हेही लक्षात ठेवा. परदेशातल्या भावाकडून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मागवू नका. ते भारतात विनापरवाना चालत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला अशाच यंत्रामुळे ताब्यात घेतलं होतं. नकाशावर डब्याची जागा टाकण्यात मात्र अडचण नाही. २०१६ मध्ये १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद असलेल्या विधेयकाचा मसुदा आला होता, तो कायदा कधी झालाच नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरचे बरेच निर्बंध काढले. संरक्षणाशी संबंधित संवेदनशील जागांचा विषय वेगळा, तिकडे फिरकायचं नाही.

स्वतःचा डबा लपवायची घाई सगळ्यांनाच असते. निदान वीसेक डबे शोधून झाल्यावर विचार करा. जागामालकाची परवानगी हवी, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं, रेल्वे रुळांपासून ४६ मीटर लांब हवं, म्हणजे भिवंडी रोड स्टेशनचा आसपास बाद. शाळा, धरणं, पूल यांच्याजवळ नको. वेबसाइटचे स्वयंसेवक तपासून मंजुरी देतात, त्याशिवाय डबा नकाशावर येत नाही. स्टीलचा डबा किंवा टिफिन अजिबात वापरू नका. पारदर्शक प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा घ्या, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून दिसेल. वर खेळाचं नाव आणि 'धोका नाही' असं मराठी, हिंदी, उर्दूत लिहा, पद्मानगरकडे असेल तर तेलुगूतही. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर वेबसाइट न बघताच शोधून काढतात. आणि पावसाळ्यात वही भिजून लगदा होते, तेव्हा जूनच्या आधी आणि सप्टेंबरनंतर स्वतः जाऊन बघावं लागेल. जमणार नसेल तर लपवू नका.

डब्याशिवायही हा खेळ होतो, आणि भिवंडी तालुक्यासाठी तोच प्रकार जास्त बरा वाटतो. त्याला अर्थकॅश म्हणतात. २००४ पासून तो चालू आहे. यात लपवायचं काहीच नसतं. भूगर्भाचं काही वैशिष्ट्य असलेल्या जागेवर जायचं, निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं यासाठीच बनल्यासारखी आहेत. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे ही कुंडं, अशी कथा तिथे ऐकायला मिळते. भूगर्भशास्त्र सांगतं की पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि भेगांतूनच वर येतं. दोन कुंडांच्या पाण्यात हाताला फरक जाणवतो का, वास येतो का, कडेच्या दगडावर कसला थर बसलाय, असे चार प्रश्न झाले की अर्थकॅश तयार होऊ शकते. जागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी इथेही लागते, मजकूरही तपासला जातो. नकाशावर आधी बघून घ्या, कोणी तिथली जागा घेतलेली नसेल तर देवस्थानच्या कार्यालयात जाऊन विचारायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र तानसाचं पाणी वाढलेलं असतं आणि प्रशासन धबधबे, धरणं, नदीकाठ यांवर मनाई आदेश काढतं. तेव्हा पहिली फेरी दिवाळीनंतरची ठेवा.