सोपे सर्किट, पण कोणत्या बाजूचे?

सुट्या लागल्या की पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडी, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर विचारत फिरणारी मुले दिसतात. घरच्या डेस्कटॉप संगणकाला जोडायचे एखादे सर्किट स्वतः करून पाहणे हा त्यांचा आवडता उद्योग. यूएसबीवर चालणारा दिवा, कॅबिनेटच्या पंख्याचा वेग बदलणारे सर्किट, संगणक सुरू होताच स्पीकर आणि प्रिंटरही चालू करणारा रिले, जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायपासून प्रयोगांसाठी केलेला वीजपुरवठा, असे बरेच काही. छंद उत्तमच आहे. पण या यादीतली पहिली दोन सर्किटे आणि शेवटची दोन एका माळेतली नाहीत. ‘सोपे’ हे विशेषण सुट्या भागांच्या संख्येला लागू पडते, धोक्याला नव्हे.

शरीराला इजा होते ती त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे. साधारण एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. घामेजलेल्या, ओल्या शरीराचा विद्युतरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. अशा वेळी यूएसबीच्या ५ व्होल्टमुळे जास्तीत जास्त ५ मिलिअँपिअर वाहतील. भिंतीतल्या २३० व्होल्टमुळे २३० मिलिअँपिअर. हात तोच, माणूस तोच, फरक मात्र जगण्या-मरण्याचा.

म्हणून खरा प्रश्न सर्किट सोपे की अवघड हा नाही. ते कोणत्या बाजूला आहे हा आहे. एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर यूएसबीला जोडला आणि काही चुकले, तर फार तर एलईडी जळेल किंवा पोर्ट खराब होईल. रिलेची गोष्ट वेगळी. त्याची कॉइल ५ किंवा १२ व्होल्टवर चालते, पण त्याच्या दुसऱ्या टोकांवर २३० व्होल्ट खेळत असतात. तळहाताएवढ्या एका बोर्डावर दोन्ही दुनिया शेजारी नांदतात. पॉवर सप्लायचा डबा तर त्याहून फसवा. आत येणाऱ्या विजेचे सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथेच राहू शकते. ‘प्लग काढलाय, आता काय होणार’ हा विश्वास इथे घात करतो. हा डबा नवशिक्याने उघडूच नये.

आणखी एका खुणेकडे घरोघरी दुर्लक्ष होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात आणि ‘थोडा करंट मारतो’ म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा याचा अर्थ घराला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन निकामी केली आहे, असा असतो. अशा संगणकावर प्रयोग करण्याआधी वायरमनला बोलवावे. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. तो बारा-पंधरा अँपिअरच्या हिशेबाने तारा वाचवतो. माणसाचा जीव त्याच्या शतांश प्रवाहातही जातो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हाती लागले, तर तोही वाचवू शकत नाही.

सोल्डरिंगचेही तेच. बाजारातल्या नेहमीच्या सोल्डरमध्ये बऱ्याचदा शिसे असते. ते धुरातून कमी आणि बोटांवरून तोंडात जास्त जाते. त्यामुळे काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, मध्येच खाऊ नये. फ्लक्सच्या धुराने दमा बळावतो. खिडकी उघडी ठेवावी.

शॉक बसलाच तर आधी मेन स्विच बंद करावा, मग माणसाला हात लावावा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्यावा. माणूस उठून बसला म्हणजे संपले, असेही नाही. विजेचा भाजल्याचा डाग वरून रुपयाएवढा दिसतो, आत स्नायू जळलेला असू शकतो. शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल किंवा लघवी काळपट होत असेल, तर ईसीजीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

यावर उपाय म्हणून मुलांच्या हातून सोल्डरिंग गन काढून घेणे चूक ठरेल. मनाई केली की प्रयोग थांबत नाहीत, ते फक्त बंद दाराआड होतात. त्यापेक्षा शाळांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधा नियम करावा : सर्किट बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारेच हवे. उघड्या २३० व्होल्टच्या जोडणीला, ती कितीही हुशारीची असली तरी, बक्षीस देऊ नये. पालकांनीही ‘काय करतोस?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘वीज कुठून घेतलीस?’ हेही विचारावे. ५ व्होल्टच्या बाजूला शिकण्यासारखे इतके आहे की त्यात शाळेची सगळी वर्षे निघून जातील. पलीकडे जायची घाई कशाला?