करार आणि वेठ

व्यापाराची उभारणी शब्दावर होते. बोललेला भाव पाळणे आणि घेतलेली रक्कम मुदतीत भागविणे, यावरच पेढीची पत टिकते. म्हणून खरा करार कोणता आणि कराराचे सोंग कोणते, हे ओळखण्याची जबाबदारी व्यापारी वर्गावर सर्वाधिक आहे. वेठ ही बहुधा साखळदंड घेऊन येत नाही. ती कागद आणि उचल घेऊन येते.

एकोणिसाव्या शतकात कोकणातील अनेक कुटुंबे मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांच्या कराराला ‘गिरमिट’ म्हणत. मजुरी ठरलेली, मुदत ठरलेली, खाली अंगठा. वरून पाहता सारे रीतसर! परंतु करार मोडणाऱ्या मजुराला दिवाणी दावा नव्हे, तर तुरुंग दाखविला जाई. आपल्या निपाणीच्या शेजारच्या कागलात आणि कोल्हापुरात ज्यांचे शिक्षण झाले, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 साली वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धती बंद करण्याचा ठराव मांडला. ज्याला अटी समजल्या नाहीत आणि ज्याला सोडून जाता येत नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ठराव फेटाळला गेला. पण 1917 साली मजूरभरती थांबली आणि 1920 च्या आरंभी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले.

समुद्रापार जाण्याचेही कारण नाही. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत लग्नासाठी थोडे पैसे उचलणारा वारली सावकाराचा ‘लग्नगडी’ होई आणि नवराबायको दोघेही त्या कर्जापायी जन्मभर राबत. 1945 च्या मे महिन्यात झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. त्या चळवळीत गोदावरी परुळेकर यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे.

पुढे 1976 च्या कायद्याने वेठबिगारी व तिचे मूळ असलेले कर्ज दोन्ही रद्द झाली. अपराध्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम हेही घटनेच्या 23 व्या कलमाखाली सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाकडून उचल घेऊन टोळ्या येतात. उचल देणे हा काही गुन्हा नव्हे. उचल घेऊन टोळी निघून गेल्याने मुकादम बुडाल्याची तक्रारही खोटी नसते. तिची दाद न्यायालयात मागावी. परंतु माणसाला अडवून ठेवणे, त्याची बायकामुले तारण समजणे, एकाचे येणे दुसऱ्याच्या नावे करून माणूसच हस्तांतरित करणे, हा व्यवहार नव्हे. कसोटी एकच आहे: हा माणूस उद्या सकाळी काम सोडून जाऊ शकतो काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर कागद कितीही चोख असो, ती वेठच होय.

आपल्या आचारग्रंथांत अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगताना प्रथम ‘बंध’ सांगितला आहे आणि पुढे शक्तीबाहेर भार लादणे. ऋणाने बांधणे हाही बंधच नव्हे काय?

करावयाचे ते अवघड नाही. मजुराच्या हाती त्याच्या हिशेबाची वही द्यावी. किमान वेतन पूर्ण द्यावे, उचलीची वजावट त्याला समजावून आणि बेताने करावी. कोठे माणसे अडकवून ठेवल्याचे कळल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. कायद्याने ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. आणि सह्याद्रीच्या घनदाट रानातील कॉफी-वेलदोडा असो वा सुमात्राच्या मळ्यांतील पामतेल, स्वस्त माल हाती येताच तो कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त झाला, हे आडत्यास विचारावे.

येणे बुडाले तर ते पुढच्या हंगामात भरून निघते. माणूस बांधून मिळविलेला नफा मात्र कोणत्याही खात्यावर जमा धरता येत नाही.