लेबलवरचे सत्तर टक्के

२०२०च्या मार्चमध्ये सॅनिटायझरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. केंद्र सरकारला तो जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालावा लागला आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत १०० रुपयांवर बांधून द्यावी लागली. जुलैअखेरीस विक्रीच्या परवान्याची अटही काढली गेली. टंचाईच्या काळात तो निर्णय समजण्यासारखा होता. पण विक्री मोकळी करताना तपासणी दुपटीने वाढवायला हवी होती. त्याच वर्षी मुंबईतल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने बाजारातले १२२ नमुने तपासून घेतले. त्यांपैकी ४५ नमुन्यांतला माल लेबलशी जुळला नाही आणि ५ नमुन्यांत चक्क मिथेनॉल निघाले.

अल्कोहोल ६० टक्क्यांच्या खाली गेले की जंतू मारण्याची खात्री उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के धरले आहे. मिथेनॉलचा प्रश्न आणखी गंभीर आहे. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते, प्राणही जातो. एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत टाळेबंदीमुळे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसे दगावली. सॅनिटायझर पिण्याची वस्तू नव्हेच. पण ज्या घरात लहान मूल रांगते, त्या घरातल्या बाटलीत नेमके काय आहे हे कोणीतरी तपासलेले असले पाहिजे.

हे तपासणे अवघड आहे, असे आता म्हणता येणार नाही. तरंगत्या हायड्रोमीटरने भागत नाही हे खरे. जेलमध्ये तो नीट तरंगत नाही. शिवाय इथेनॉल आणि मिथेनॉल यांची घनता इतकी सारखी आहे की दोन्ही त्याला एकच वाटतात. अवरक्त वर्णपटमापकाला मात्र ती वेगळी दिसतात. हिऱ्याच्या इवल्याशा स्फटिकावर जेलचा एक थेंब ठेवायचा आणि लगेच झाकायचा, कारण अल्कोहोल उडत असते आणि मिनिटभराची ढिलाई आकडा खाली आणते. खालून अवरक्त किरण जातात, रेणू आपापल्या ठरलेल्या लहरी शोषतात आणि पडद्यावर आलेख उमटतो. इथेनॉलची शिखरे १०४५ आणि १०८५ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांजवळ येतात, मिथेनॉलचे १०२०च्या आसपास. ४०, ५०, ६०, ७०, ८० टक्क्यांची मिश्रणे आधी मोजून ठेवली की शिखराच्या उंचीवरून बाटलीतले प्रमाण काढता येते. सगळे काही मिनिटांत.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सॅनिटायझरमधल्या ग्लिसरीनची शिखरे त्याच परिसरात येतात, त्यामुळे तुलनेच्या मिश्रणांत तेही घालावे लागते. थोडेसे मिथेनॉल इथेनॉलच्या शिखराआड दडू शकते. म्हणून न्यायालयात टिकणारा पुरावा हवा असेल, तर संशयित नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीकडेच गेला पाहिजे. पण शंभर बाटल्यांतून संशयाच्या दहा निवडण्याची चाळणी म्हणून हे यंत्र उत्तम आहे. आज ती चाळणीच नसल्याने मोजके नमुने दूरच्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल येईपर्यंत माल विकून संपतो.

यंत्र शोधायलाही फार लांब जावे लागणार नाही. राज्यातल्या अनेक औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत ते आहे, हाताळणारे प्राध्यापक आहेत, शिकायला उत्सुक विद्यार्थी आहेत. अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्याशी जिल्हानिहाय करार करावेत, प्रमाणित मिश्रणे पुरवावीत आणि दर महिन्याला दुकानांतून, तसेच सरकारी दवाखान्यांच्या साठ्यातूनही नमुने उचलावेत. दवाखान्यांचा साठा आधी. बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी उपकेंद्रातली परिचारिका ज्या बाटलीवर विसंबते, तिची खरेदी निविदेतल्या सर्वांत कमी दरावर ठरते. आत किती टक्के अल्कोहोल आहे हे पाहण्याचे साधन परिचारिकेच्या हाती नसते. तपासणीत नापास झालेल्या मालाचा बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव त्याच आठवड्यात जाहीर व्हावे, आणि तो माल उपकेंद्राच्या कपाटातून परत मागवण्याची जबाबदारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यावर लेखी टाकावी.