‘घरचंच तर आहे’ म्हणणाऱ्यांस

वाचकहो, आमच्या समाजात एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. रोश हशाना जवळ आला की फोन खणखणू लागतात. “मावशी, यंदा चिकाचा हलवा दोन ताटं हवा. पैशांचं काय ते मग बघू, घरचंच तर आहे.” लग्न असो, बार मित्झवा असो, मंडळाचा वार्षिक मेळावा असो, करंज्या दोनशे हव्यात, नानखटाई शंभर हवी, आंब्याच्या लोणच्याच्या चार बरण्या हव्यात, आणि भाव विचारण्याची वेळ आली की पुन्हा तेच, “घरचंच तर आहे.” ह्या वाक्याविरुद्ध आज आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत. ते कोणास झोंबले तर झोंबोत.

प्रथम हिशेब करू. चिकाचा हलवा म्हणजे काय, हे पुरुषमंडळींपैकी कितीजण जाणतात? गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे. नारळ खवून त्याचा रस काढायचा. मग साखर घालून मंद आचेवर ढवळत उभे राहायचे. हात थांबला की गाठी झाल्या, लक्ष गेले की करपला. पुढे ताटात ओतून, थंड करून, वड्या पाडायच्या. भिजवणे आणि निवळणे सोडून देऊ. प्रत्यक्ष हाताचे काम एका ताटाला पाच तास धरू. एप्रिल २०२५ मध्ये ह्या देशात किमान वेतन तासाला ३४.३२ शेकेल झाले. पाच तासांचे १७१.६० शेकेल होतात. सामान आणि गॅस मिळून समजा ६० शेकेल. एकूण २३१ शेकेल साठ आगोरोत. ताटात साठ वड्या पडल्या तर एक वडी जवळजवळ चार शेकेलला पडली, आणि यात नफा एक आगोराही नाही. ही फक्त मजुरी झाली, तीही कायद्याने ठरविलेली कमीत कमी मजुरी. आता ह्या बाईने वडीचे चार शेकेल मागितले तर आपण काय म्हणतो? “बाप रे, एवढे?” आणि हेच आपण काफीच्या एका पेल्याला ह्याहून कितीतरी अधिक पैसे मोजतो, तेही आनंदाने, वर बक्षिशी ठेवून. परक्याच्या श्रमाला भाव आहे, आपल्या मावशीच्या श्रमाला नाही, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

कोणी म्हणतात, “अहो, हे सणाचे पदार्थ. ह्यांचा बाजार मांडणे आपल्याला शोभते का?” ह्या मंडळींना आम्ही इतिहासाची आठवण देतो. कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक कोणत्या नावाने ओळखत? शनवार तेली! म्हणजे तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. आपली ओळखच मुळी एका धंद्यावरून पडली. गावोगाव तेल विकून त्यांचा धर्म बुडाला नाही. उलट धंदा करणाऱ्या माणसाने शब्बाथला घाणा थांबविला, म्हणूनच गावाने त्यांचे वेगळेपण ओळखले. तेव्हा विकण्यात कमीपणा आहे, असे निदान शनवार तेल्यांच्या नातवंडांनी तरी म्हणू नये. एलियाहू हन्नाबीचा मलिदा विका, असे आम्ही म्हणत नाही. तो नवसाचा आहे, त्याची जागा ताटाभोवती बसलेल्या माणसांत आहे. परंतु हलवा, करंज्या, नानखटाई, मोरांबा, लिंबाचे लोणचे ही हातची कारागिरी आहे, आणि कारागिरीला मोल असते.

दुसरा आक्षेप जरा वेगळा आहे. “आमच्या बायका घरखर्चाला हातभार लावण्यासाठी लोणची विकतात, हे लोकांना कळले तर आमची अब्रू काय राहिली?” हे म्हणणाऱ्यांच्या आया डिमोनाच्या कापड गिरण्यांत पाळ्या करीत होत्या, लोकांच्या घरची, दवाखान्यांतली फरशी पुसत होत्या. त्यांनी ह्या देशात घरे उभी केली ती अशा कष्टांवर. तेव्हा अब्रू गेली नाही, मग स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नावाने केलेल्या कामाने ती कशी जाईल?

आता खरा मुद्दा. हा व्यवसाय लपूनछपून, ओळखीपाळखीने, भिडेखातर चालतो तोवर तो कधीच वाढणार नाही. ज्या कामात पैसा नाही आणि मान नाही, ते काम तरुण मुलगी हाती घेणार नाही. नात म्हणते, “आजी, तीन दिवस गहू भिजवून तुला मिळतं काय?” आजीकडे उत्तर नसते. आजीबरोबर हात जाईल, हाताबरोबर चव जाईल, आणि चवीबरोबर शब्दही जातील. आपल्या लोकांनी सणांना नावे दिली तीच मुळी खाण्यापिण्यावरून. तिशा बेआवला बिरड्याचा सण म्हटले, पेसाहला अनशी ढाकायचा सण म्हटले, म्हणजे आंबट रसाच्या बरणीवर झाकण घालण्याचा सण. ज्या समाजाने सणाचे नाव बरणीवरून ठेवले, त्याच समाजात आता बरणी भरणारी सापडत नाही, अशी पाळी येऊ द्यायची का?

आज प्रत्येकीच्या हातात फोन आहे. पूर्वी अश्दोदच्या बाईचा मोरांबा अश्दोदबाहेर जात नसे. आता व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकला की डिमोना, रामले, लोद, किर्यात गात, बेर शेवा सगळीकडे एका क्षणात पोचतो. पण नुसता फोटो टाकून “ज्याला हवं त्याने फोन करा” म्हणणे हा धंदा नव्हे. आमच्या भगिनींना आमचे स्पष्ट सांगणे आहे.

भाव लिहा. फोटोखाली वजन आणि किंमत आकड्यांत लिहिली की घासाघीस करणाऱ्याचे तोंड निम्मे बंद होते. ऑर्डरचा शेवटचा दिवस ठरवा, आणि निम्मे पैसे आगाऊ बिटवर घ्या. मग “आम्ही दुसरीकडून घेतलं” असे ऐनवेळी सांगणारे राहणार नाहीत. शुक्रवारी दिवे लावण्याआधी ऑर्डर घेणे बंद करा आणि तसे पानावर लिहा. तो शनवार तेल्याचा घाणा आहे असे समजा. जे टिकते ते दूर पाठवा, जे टिकत नाही ते दारातून द्या. मोरांबा साखरेने टिकतो, लिंबाचे लोणचे आंबटपणाने आणि मिठाने टिकते. उकळून कोरड्या केलेल्या बरणीत भरले तर कुरियरने हैफापर्यंत जाईल. नारळाच्या रसाचा हलवा ओलसर असतो, तो उन्हाळ्यात पार्सलने पाठवाल तर नाव घालवून बसाल. ओला लसूण नुसत्या तेलात बुडवून तशीच बरणी विकू नका. हवा नसलेल्या तेलात, आंबटपणा नसला, की बोटुलिझमचे विष तयार होऊ शकते, आणि ते वासाने कळतेच असे नाही.

आणि नाव पदार्थाचेच लिहा. हिब्रू पानावर करंजीला “हिंदी बिस्किट” म्हणणाऱ्या आमच्या काही भगिनी आहेत. का? गिऱ्हाइकाला क्रेप्लाख समजते, साम्बूसक समजते, मग करंजी का समजणार नाही? हिब्रू अक्षरांत करंजी लिहा, खाली एका ओळीत आत काय आहे ते सांगा. नारळाच्या रसाचा हलवा मांसाच्या जेवणानंतरही चालतो, कारण त्यात दूध नाही. ही गोष्ट ह्या देशातल्या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी आहे, आणि आपण ती सांगतच नाही!

कायद्याची भीती दाखविणारेही पुष्कळ भेटतात. कायदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे, पण भीती आणि माहिती ह्यांत फरक आहे. लहान व्यवसायाला ‘ओसेक पातूर’ म्हणून नोंदता येते. २०२५ साठी त्याची मर्यादा वर्षाला १,२०,००० शेकेल उलाढालीची होती, आणि त्यात गिऱ्हाइकाकडून व्हॅट घ्यावा लागत नाही. ज्यांना बितुआख लेऊमीकडून पेन्शनवर ‘हश्लामत हाखनासा’ मिळते, त्यांनी पहिला पैसा घेण्यापूर्वी तेथे चौकशी करावी, कारण मिळकतीचा परिणाम त्या रकमेवर होतो. कश्रूतविषयी खोटा शब्द लिहू नका. १९८३ च्या कायद्याप्रमाणे ज्या खाद्यव्यवसायाजवळ अधिकृत तेऊदा नाही त्याने लेखी स्वतःस कोशर म्हणवून घेणे हा गुन्हा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने इतके मोकळे केले की, आपण काय पाळतो हे खरेपणाने लिहिता येते, मात्र तेऊदा नाही हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. तसे लिहा. प्रामाणिक बाईवर लोक विश्वास ठेवतात.

राहिला परवाना. १९६८ च्या परवाना कायद्याखाली खाद्यपदार्थ तयार करून विकण्यास नगरपालिकेची परवानगी लागते, आणि घरच्या ओट्यावर ती सहजासहजी मिळत नाही. येथे आमचा रोख थेट आमच्या मंडळांवर आहे. मंडळांचे हॉल आहेत, हॉलला स्वयंपाकघरे आहेत, आणि ती वर्षातून मोजके दिवस वापरली जातात. मेळाव्याला, वाद्यवृंदाला, पाहुण्यांच्या हारतुऱ्यांना पैसा सापडतो. मग एका शहरात, एकाच हॉलचे स्वयंपाकघर नियमाप्रमाणे दुरुस्त करून, परवाना घेऊन, त्याचा तेऊदाही मिळवून, आमच्या भगिनींना तासांच्या भाड्याने देणे एवढे अवघड आहे काय? एका परवान्याखाली दहा जणींचा धंदा उजळमाथ्याने उभा राहील. जे पदाधिकारी दर वर्षी व्यासपीठावरून “आपली संस्कृती जपा” असे सांगतात, त्यांनी ती ह्या ओट्यापासून जपायला आरंभ करावा. आणि मंडळाने करंज्या मागविल्या तर त्यांचे बिल आधी चुकवावे. सेवा ही स्वतःहून करायची असते, दुसरीच्या हातून करवून घ्यायची नसते.

तरुणांनाही एक शब्द. आजीला हिब्रू टाइप करता येत नाही, फोटो नीट काढता येत नाही, हे ठाऊक असून तुम्ही तिला हसता. त्यापेक्षा आठवड्यातून एक तास तिच्याजवळ बसा. तिचे पान तुम्ही चालवा, हिशेबाची वही तुम्ही ठेवा, आणि ते करता करता गहू कितपत भिजला म्हणजे वाटायचा, हे तिच्याकडून शिकून घ्या.

वाचकहो, येत्या सणाला तुम्ही कोणाकडे तरी हलवा सांगणारच आहात. सांगताना आधी भाव विचारा, सांगितलेला भाव द्या, आणि “घरचंच तर आहे” हे वाक्य तोंडावर आले तर गिळून टाका. घरचे आहे म्हणूनच ते फुकट मागू नये.