वेदीवरील प्रसाद आणि विधिमंडळातील मत

धर्मपीठाने राजकारणी पुरुषास शिस्त लावावी की नाही, हा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या देवस्थानांच्या मंडळींत एक उद्गार हमखास ऐकू येतो. "कॅथलिकांचे पाहा," असे कोणी म्हणतो, "त्यांचा बिशप सभापतीसही प्रसाद नाकारतो. आमच्या देवस्थानांत ते तेज कोठे आहे?" या उद्गारात कौतुक आहे, थोडी असूया आहे, आणि आमच्या मते बरीच भूल आहे. ज्या उदाहरणावरून हे कौतुक होते ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्याचे. त्या राज्यातील कॅथलिक राजकारण्यांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यातून निघणारा धडा या कौतुकाच्या नेमका उलट आहे, हे दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम घटना सांगितली पाहिजे. नॅन्सी पेलोसी या १९८७ पासून सॅन फ्रान्सिस्को शहरातून लोकप्रतिनिधिगृहावर निवडून येत गेल्या आणि दोन वेळा त्या गृहाच्या सभापती झाल्या. गर्भपाताचा हक्क कायद्याने राखावा असे त्यांचे मत. २० मे २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलिओनी यांनी जाहीर केले की, हे मत त्या जाहीरपणे मागे घेत नाहीत तोपर्यंत आपल्या धर्मप्रांतात त्यांस ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. गोमंतकातील वाचकांस मीस म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या विधीत प्रसाद हा उपचार नव्हे. श्रद्धाळू कॅथलिकास तो साक्षात ख्रिस्ताचे शरीर होय. तो नाकारणे ही शिक्षा किती कठोर, हे यावरून ध्यानी यावे. या घोषणेस सहा आठवडेही झाले नाहीत तोच, २९ जून रोजी, याच बाईंनी रोम येथे संत पीटरच्या महामंदिरात, पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत झालेल्या मिस्सेत प्रसाद घेतला. जे सॅन फ्रान्सिस्कोत निषिद्ध ते रोममध्ये विहित! एकाच धर्मपीठाच्या दोन दारांत दोन न्याय दिसले, आणि सामान्य भाविक गोंधळून गेला.

आर्चबिशपांच्या बाजूने जे न्याय्य आहे ते आम्ही लपविणार नाही. कॅथलिक धर्मसंहितेच्या ९१५ व्या कलमात, उघड व गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यास प्रसाद देऊ नये असे म्हटले आहे. आपल्या वेदीचे पावित्र्य राखण्याचा अधिकार पुरोहितास नाही तर कोणास? गर्भपात योग्य की अयोग्य, हाही येथे वादाचा विषय नव्हे. त्यावर प्रामाणिक माणसांत तीव्र मतभेद आहेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. वेदीवरची शिक्षा ही विधिमंडळातील मत वळविण्याचे साधन म्हणून वापरली, तर त्यातून धर्माचे भले होते काय? कॅलिफोर्नियाचा अनुभव म्हणतो, होत नाही.

हा अनुभव २०२२ चा नव्हे. नोव्हेंबर १९८९ मध्ये सॅन दिएगोचे बिशप लिओ माहेर यांनी राज्य विधिमंडळाच्या सदस्या लूसी किलिया यांस याच कारणासाठी प्रसाद बंद केला. किलियाबाई त्या वेळी राज्य सिनेटच्या पोटनिवडणुकीस उभ्या होत्या. बंदीची वार्ता देशभर पसरली. ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते अशांच्या तोंडी ते झाले, आणि डिसेंबरात त्या निवडून आल्या. इकडे राज्याची राजधानी सॅक्रामेंटो येथील बिशप फ्रान्सिस क्विन यांनी आपल्या धर्मप्रांतात त्यांस प्रसाद घेण्याची मोकळीक ठेवली. पुढे १३ वर्षांनी, २००३ च्या जानेवारीत, त्याच सॅक्रामेंटोच्या गादीवर असलेल्या बिशप विल्यम वायगंड यांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांस बजावले की, गर्भपाताविषयीचे मत सोडा, नाही तर प्रसादापासून दूर राहा. एकच धर्मप्रांत, एकच कलम, एकच तक्रार. परंतु गादीवरचा पुरुष बदलला आणि निर्णय बदलला. डेव्हिस त्याच वर्षी मतदारांनी परत बोलाविल्यामुळे पदच्युत झाले खरे, पण ते वीजटंचाई व अंदाजपत्रकाच्या तुटीवरून. त्यांच्या जागी आलेले अर्नोल्ड श्वार्झेनेगर हेही कॅथलिक, आणि गर्भपाताविषयी त्यांचेही मत डेव्हिस यांच्याहून फारसे निराळे नव्हते. मग बिशपांच्या शिक्षेने कोणते मत वळले? एकही नाही.

तथापि शिक्षा निष्फळ ठरली एवढ्यावरून ती अयोग्य ठरत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणून आम्ही अधिक खोल जातो. या शिक्षेच्या मुळाशी असे गृहीत धरलेले आहे की, धर्मपीठाची आजची शिकवण हाच विधिमंडळातील श्रद्धाळू माणसाच्या सदसद्विवेकाचा शेवटचा शब्द. हे गृहीत कॅलिफोर्नियाच्याच एका कॅथलिक गव्हर्नराने, न बोलता, खोटे ठरविले आहे.

एडमंड ब्राउन, ज्यांना सारे राज्य पॅट ब्राउन म्हणून ओळखी, १९५९ साली गव्हर्नर झाले. त्या वेळी कॅरिल चेसमन नावाचा कैदी मृत्यूची वाट पाहत होता. अपहरण, दरोडा, बलात्कार असे त्याचे गुन्हे सिद्ध झाले होते; मनुष्यवधाचा आरोप मात्र नव्हता. फेब्रुवारी १९६० मध्ये त्याच्या वधाच्या आदल्या रात्री ब्राउन यांस त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. हा मुलगा, जेरी, जेझुइट संघात पुरोहितपदाचे शिक्षण घेऊन नुकताच बाहेर पडला होता. त्याने बापास दयेची विनंती केली. ब्राउन यांनी ६० दिवसांची स्थगिती दिली आणि मृत्युदंडच रद्द करावा म्हणून विधिमंडळापुढे प्रस्ताव ठेविला. सिनेटच्या न्याय समितीत तो ८ विरुद्ध ७ अशा एका मताने पडला. शिक्षा सौम्य करण्याचे त्यांचे हात कायद्याने बांधलेले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची संमती हवी होती आणि तीही मिळाली नाही. २ मे १९६० रोजी चेसमनचा विषारी वायूच्या कोठडीत अंत झाला. लोकक्षोभ मात्र ब्राउन यांच्यावर उसळला. त्याच फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिकच्या समारंभात जमावाने त्यांची हुर्यो उडविली.

आता ध्यानात घ्यावयाचे ते हे. १९६० साली कॅथलिक धर्मपीठाची शिकवण मृत्युदंडाच्या विरुद्ध नव्हती. राज्यसंस्थेस गुन्हेगाराचा प्राण घेण्याचा अधिकार आहे, असेच पोप बारावे पायस यांनी १९५२ साली सांगितले होते. मृत्युदंड सर्वथा अग्राह्य होय, असा बदल धर्मशिक्षेच्या ग्रंथात पोप फ्रान्सिस यांनी केला तो २०१८ साली. म्हणजे सॅक्रामेंटोतील एका वकिली पेशाच्या गव्हर्नराचे अंतःकरण जेथे १९६० मध्ये पोहोचले होते, तेथे धर्मग्रंथ ५८ वर्षांनी पोहोचला. धर्मपीठाचा त्या दिवशीचा शब्द हीच जर मर्यादा असती, तर ब्राउन यांस तो प्रस्ताव मांडण्याचे काही कारणच नव्हते. हेही खरे की, ब्राउन संत नव्हते. आपल्या कारकिर्दीत त्यांच्यापुढे देहदंडाची ५९ प्रकरणे आली. २३ जणांस त्यांनी जीवदान दिले, ३६ जण कोठडीत गेले, आणि त्या ३६ जणांचा विचार त्यांना म्हातारपणी सोडीना म्हणून त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु सत्तेवरील श्रद्धाळू माणूस कसा झगडतो याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. हे झगडणे आज्ञेने घडत नाही आणि शिक्षेच्या धाकाने तर नाहीच नाही.

दुसरे एक उदाहरण कटू आहे, पण ते टाळता येत नाही. जेम्स फेलन हे आयरिश वंशाचे श्रीमंत कॅथलिक. १८९७ ते १९०२ सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर, १९१५ ते १९२१ अमेरिकेचे सिनेटर. नगरसुधारणेत त्यांचा हात मोठा होता. परंतु १९२० ची निवडणूक त्यांनी लढविली ती कॅलिफोर्निया गोरी राखा या घोषणेवर. जपानी, चिनी, हिंदी, कोणाही आशियाई माणसास त्या किनाऱ्यावर पाय ठेवू देऊ नये, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. १९१७ च्या ज्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग अमेरिकेस बंद झाला, त्या वेळी ते सिनेटात होते. याच किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शेतकीचे शिक्षण घेत गदरच्या मंडळींत वावरले होते. फेलन यांच्या दृष्टीने तेही नको असलेले प्रवासीच. फेलन आणि ब्राउन दोघेही सॅन फ्रान्सिस्कोचे, दोघांचाही बाप्तिस्मा एकाच धर्माचा. मग कॅथलिक राजकारणी म्हणजे कोणता? नुसत्या नावावरून माणसाचे मत ओळखता येत असते, तर निवडणुकांचे कामच उरले नसते.

आता राजकारण्यांकडे वळतो, कारण आमची तक्रार एकट्या बिशपांविषयी नाही. धर्म ही माझी खासगी बाब, असे म्हणून हात झटकणारा पुढारीही आम्हांस मान्य नाही. प्रार्थनेस जाताना छायाचित्र काढवून घ्यावयाचे आणि कठीण प्रश्न आला म्हणजे श्रद्धा घरी ठेवून आलो म्हणावयाचे, ही लबाडी होय. त्याहून जेरी ब्राउन यांची रीत आम्हांस प्रामाणिक वाटते. बापाप्रमाणे तेही गव्हर्नर झाले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये असाध्य रुग्णास वैद्याच्या साहाय्याने मरण पत्करण्याची मुभा देणारे विधेयक त्यांच्यापुढे आले. कॅथलिक बिशपांचा त्यास कडवा विरोध होता. ब्राउन यांनी त्यावर सही केली. पण गुपचूप नव्हे. धर्मशास्त्राचे म्हणणे आपण ऐकले, बिशपांचे ऐकले, वैद्यांचे ऐकले, आणि शेवटी स्वतःच्या मरणसमयी आपणांस काय हवेसे वाटेल याचा विचार केला, असे त्यांनी सहीसोबत लिहून प्रसिद्ध केले. हा निर्णय ज्यास चुकीचा वाटेल त्याने खुशाल चुकीचा म्हणावे. परंतु ज्याने कारणे दिली त्याच्याशी वाद घालता येतो; ज्याने आज्ञा पाळली त्याच्याशी वाद कसा घालावा? मतदार त्याच्याकडे जाब मागावयास गेला, तर तो धर्मपीठाकडे बोट दाखवील, आणि धर्मपीठास तर कोणी निवडून दिलेले नाही.

गॅव्हिन न्यूसम यांच्या बाबतीत ही अडचण आणखी स्पष्ट दिसते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी राज्यातील मृत्युदंडाची अंमलबजावणी थांबविली; त्या वेळी ७३७ कैदी त्या रांगेत होते. कॅलिफोर्नियाच्या बिशपांनी त्यांचे स्वागत केले. २०२२ साली त्यांनीच गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणाऱ्या दुरुस्तीचा पुरस्कार केला. बिशपांनी तीव्र निषेध केला, मतदारांनी ती मोठ्या बहुमताने संमत केली. आता या एका माणसाच्या कोणत्या हातावर प्रसाद ठेवावयाचा आणि कोणत्या हातावरून काढून घ्यावयाचा? धर्मपीठाने एकाच प्रश्नाची तागडी हाती घेतली की बाकीची सारी शिकवण दुय्यम भासू लागते. आणि सर्वच प्रश्नांची घेतली, तर वेदीपुढे एकही राजकारणी उरणार नाही.

मग धर्माने मुके राहावे काय? मुळीच नाही. बिशपांनी उपदेश करावा, लिहावे, सभा घ्याव्यात, आपल्या लोकांस समजवावे, पुढाऱ्यास घरी बोलावून चार शब्द सुनवावेत. विद्यापीठास, वृत्तपत्रास, कामगार संघटनेस जे करता येते ते सारे धर्मपीठास करता यावे. फक्त भाविकाचे देवाशी असलेले नाते ओलीस ठेवून विधिमंडळात मत मागू नये. ते नाते पुरोहिताच्या स्वाधीन केलेली ठेव आहे. ठेवीवर व्यापार करू नये, हा नियम आमच्या देवस्थानांच्या महाजनांस समजावून देण्याची गरज नसावी.

आणि असूया वाटणाऱ्या आमच्या मंडळींस एवढेच स्मरण देतो की, हा प्रयोग आपण करून चुकलो आहो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा दिला गेला म्हणून केवढे ग्रामण्य माजले, रानडे व टिळक यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. त्या खटाटोपाने धर्माचे तेज वाढले, असे आज कोण म्हणेल? चहा राहिला, रानडे राहिले, टिळक राहिले. ग्रामण्याचे मात्र हसू झाले.

देवळाचे तेज पुढाऱ्यास दारात अडविण्यात नाही. आत येऊन गेलेला माणूस बाहेर अधिक न्यायाने, अधिक दयेने वागू लागला, तर ते तेज दिसते. १९६० च्या त्या रात्री एका मुलाने बापास दूरध्वनी केला, तेव्हा कोणत्याही बिशपाने कोणताही प्रसाद नाकारला नव्हता. तरीही धर्म त्या रात्री जेवढा गव्हर्नराच्या घरात शिरला, तेवढा तो पुढच्या कोणत्याही घोषणापत्राने शिरलेला नाही.