तालमीत मोटिव्हेशन कोण देतं?



ट्रेनिंगच्या बॅचमध्ये उधारी, स्टॉक, जीएसटी असं सगळं बोलून झालं की चहाच्या वेळेला एक प्रश्न हमखास येतो. "सर, व्यायाम सुरू करतोय, पण पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. काहीतरी मोटिव्हेशन द्या की."

माझं मत स्पष्ट आहे. मोटिव्हेशन कमी पडतंय म्हणून व्यायाम बंद पडत नाही. प्रेरणेनंच काम भागलं असतं तर कोल्हापुरात एकाचंही पोट सुटलं नसतं. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान इथंच आहे. ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक जिंकणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. हेलसिंकी, १९५२, कांस्य. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच मातीत घडले. एवढं सगळं उशाला असून आपण सकाळी अलार्म बंद करून कूस बदलतो.

आता तालमीकडे बघा. गंगावेस असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, तिथल्या पोराला पहाटे उठल्यावर "आज मूड आहे का?" असा प्रश्नच पडत नाही. हौद उकरायचा असतो. जोर-बैठका ठरलेल्या असतात. लढतीला जोडीदार थांबलेला असतो, आणि आला नाही तर वस्ताद विचारणार हे पक्कं असतं. भाषण कुणी देत नाही. वेळ, जागा, काम आणि विचारणारा माणूस, एवढं बांधून दिलेलं असतं. धंद्याच्या भाषेत याला सिस्टिम म्हणतात, आणि ती आपल्या गावात कैक वर्षं चालू आहे.

खरं तर तुम्हालाही ही सिस्टिम येते. दुकानाचं शटर तुम्ही रोज उघडता ते काय उत्साह आला म्हणून? ताप असला तरी उघडता, कारण कामगार दारात उभा असतो, गिऱ्हाईक येणार असतं, बोनी चुकवायची नसते. व्यायामाला मात्र आपण दारात कुणालाच उभं करत नाही.

त्याऐवजी काय करतो? पैसे भरतो. वर्षाची फी एकदम भरली की आपोआप जाणं होईल, असा हिशोब. यावर अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांचा, स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके मालमेंडियर यांचा, २००६ सालचा अभ्यास आहे. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारे लोक सरासरी महिन्यातून चारच्या आसपास वेळा जिमला गेले. म्हणजे एका खेपेला १७ डॉलर पडले, जेव्हा दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती! भरलेली फी पहाटे उठवायला येत नाही.

दुसरी आपली खोड म्हणजे दणक्यात सुरुवात. पावसात पन्हाळा-पावनखिंड चालून यायचं, फोटो स्टेटसला टाकायचे, मग पाय दुखतात म्हणून आठवडा सुट्टी, आणि ती सुट्टी दिवाळीपर्यंत. मोहीम जरूर करा, नाद खुळा अनुभव आहे. पण तो गणपतीतला सेल झाला. रोजचा गल्ला वेगळा.

सवय लागायला २१ दिवस लागतात हेही डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही.

"दिवसभर काउंटरला उभाच असतो की" हे उत्तर मी मानत नाही. उभं राहून पाय दुखतात, दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. रंकाळ्यावर भरभर चाललात तरी चालतंय. शुगर, बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढंच.

हे मी तब्येतीच्या कळवळ्यानं कमी आणि धंद्याच्या काळजीनं जास्त बोलतोय. आपल्यासारख्या दुकानात मालक आडवा झाला की शटर खाली. सीसीचं व्याज मात्र थांबत नाही, आणि कामगाराच्या घरी पगार जायचाच असतो. स्टॉकचा विमा उतरवणारा माणूस स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करत नाही, हे मला पटत नाही.

सकाळ सगळ्यांना जमत नाही, हे मान्य. बॅचमधल्या ताईंना पहाटे डबे असतात, पाणी भरायचं असतं. त्यांना "पाचला उठा" असं सांगणारा माणूस बहुधा स्वतःचा डबा स्वतः करत नसावा. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो, त्यातली वीस मिनिटं घ्या. शेजारच्या दुकानातली मैत्रीण सोबत घ्या, एकीनं दुसरीच्या काउंटरला येऊन हाक मारायची.

पुरुषांनीही तेच करायचं आहे. आपल्याच गल्लीतला दुकानदार जोडीदार म्हणून धरा, शक्यतो थोडा फटकळ. न येणाऱ्यानं दोघांचा चहा द्यायचा. आज रात्री गल्ला मोजून झाला की त्याला फोन लावा आणि उद्या किती वाजता, कुठल्या कोपऱ्यावर, ते ठरवा. बूट नंतर घेतले तरी चालतील.